बिनीचे स्वार : चित्रकला आणि चित्रपट यांतील ‘अवाँ-गार्द’

गेल्या वर्षी कार्तिकातील एका सोमवारी पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून सभामंडपात परतल्यावर आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेत गावातील काही तरुणांनी एक जुना फ्रेंच मूकपट दाखविला. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती, पुढे सतरंज्या अंथरल्या होत्या आणि प्रसादाचा द्रोण हाती घेऊनच बहुतेक मंडळी येऊन बसली होती. चित्रपट अवघा वीस-बावीस मिनिटांचा. परंतु तो संपला तेव्हा मंडळींत अशी काही शांतता पसरली की तिला रसिकांची शांतता म्हणावे की यजमानांचा संकोच, हे आम्हांला कळेना. दाखविणाऱ्या तरुणाने समजावून सांगितले की, या प्रकारच्या कलेला ‘अवाँ-गार्द’ म्हणतात. हे कलावंत काळाच्या पुढे गेलेले होते. त्यावर एका वयोवृद्ध महाजनांनी कोकणीतून विचारले, “हे मुखार गेल्यात म्हण्टात, पूण कोणाच्या मुखार?”

त्या रात्री या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच धड देता आले नाही. प्रश्न मात्र मनातून जाईना. पुढे अनेक दिवस त्याचा पाठपुरावा करीत राहिल्यावर जे हाती आले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचेच पाहू. ‘अवाँ’ म्हणजे पुढे आणि ‘गार्द’ म्हणजे पहाऱ्याची तुकडी. मुख्य सैन्याच्या पुढे चालणारी जी तुकडी ती अवाँ-गार्द. कलेशी या शब्दाचा मुळात काहीही संबंध नाही. तो छावणीतला आहे. आणि मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेत त्याला ‘बिनी’ हा सुरेख शब्द पूर्वापार आहे. बिनीवर असणारा तो बिनीवाला. १७६९ मध्ये पेशव्यांची जी फौज उत्तर हिंदुस्थानात उतरली, तिच्यात रामचंद्र गणेश कानडे यांच्याबरोबर विसाजी कृष्ण बिनीवाले होते. महादजी शिंदे व तुकोजी होळकर हेही त्याच मोहिमेत होते आणि १७७१ मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हाती आली. ग्वाल्हेर आणि इंदूरच्या आमच्या वाचकांना हा इतिहास आम्ही सांगावा असे नाही. बिनीचे काम काय, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे आहे. नदीचा उतार शोधणे, चारापाणी कोठे मिळेल ते पाहणे, शत्रूची चाहूल घेणे आणि मागे खबर धाडणे. मागून फौज येणार आहे, या भरवशावरच बिनी पुढे जाते. मागे कोणीच नसेल, तर तिला बिनी न म्हणता वाट चुकलेले स्वार म्हणावे लागेल. महाजनांच्या प्रश्नाचे मर्म नेमके हेच होते.

हा लष्करी शब्द कलेच्या प्रांतात शिरला तो १८२५ मध्ये. फ्रान्समध्ये सँ-सिमाँ नावाच्या विचारवंताभोवती एक मंडळ जमले होते. विज्ञान आणि उद्योग यांच्या बळावर समाजाची नवी घडी बसवावी, हे त्यांचे ध्येय. त्यांच्या एका ग्रंथात कलावंत, शास्त्रज्ञ आणि उद्योजक अशा तिघांचा संवाद आहे. तो ओलँद रोद्रीग याने लिहिला असे सामान्यतः मानले जाते. त्यात कलावंत आपल्या दोन सोबत्यांना सांगतो की तुमची बिनी आम्ही होऊ, कारण नवा विचार लोकांपर्यंत सर्वांत लवकर पोहोचतो तो चित्रातून, शिल्पातून, काव्यातून आणि गाण्यातून. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मूळ अर्थात कलेचा आकार नवा असावा, ती दुर्बोध असावी, रसिकांना तिने धक्का द्यावा, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. कलावंत पुढे चालतो तो समाजासाठी, आणि समाज त्याच्या मागून येणार हे गृहीतच आहे. आपल्याकडील कीर्तनकाराला ही कल्पना मुळीच नवी वाटली नसती.

बोदलेर या कवीला मात्र ही उपमा रुचली नाही. १८६०च्या दशकातील आपल्या खाजगी टिपणांत त्याने फ्रेंचांच्या या लष्करी अलंकारांच्या हौसेची यथेच्छ थट्टा केली आहे. जे समूहानेच विचार करू शकतात त्यांना असल्या कवायती उपमा शोभतात, असा त्याचा एकूण सूर. त्याच दशकात, १८६३ मध्ये, पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाच्या परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली की ओरड झाली, आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविण्याचा हुकूम सोडला. माने याचे वनभोजनाचे चित्र तेथेच लोकांनी पाहिले आणि त्याला हसले. पुढे माने थोर ठरला. तेव्हापासून कलेच्या जगात एक विचित्र तर्कशास्त्र रूढ झाले : ज्याला आज लोक हसतात तो उद्याचा माने! आमच्या मते या तर्काने कलेचे जितके भले केले तितकेच नुकसानही केले आहे. त्या प्रदर्शनातील इतर कित्येक चित्रे योग्य कारणासाठीच नाकारली गेली होती, हे कोणी आठवत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द पुन्हा आपल्या मूळच्या दारूगोळ्याकडे वळला. २० फेब्रुवारी १९०९ रोजी ‘ल फिगारो’ या पॅरिसच्या दैनिकात इटालियन कवी मारिनेत्ती याने भविष्यवाद्यांचा जाहीरनामा छापला. वेग, यंत्र आणि युद्ध यांचे त्यात स्तोत्र गाइले होते आणि संग्रहालये जमीनदोस्त करा, असे आवाहन केले होते. पाच वर्षांनी युद्ध खरोखरच आले. त्या पंथातील सर्वांत गुणी चित्रकार व शिल्पकार बोच्चोनी सैन्यात गेला आणि १९१६ मध्ये कवायतीच्या वेळी घोड्यावरून पडून मरण पावला. बिनीच्या स्वाराचा असा शेवट व्हावा, यावर अधिक काय लिहावे!

त्याच वर्षी फेब्रुवारीत, युद्धात तटस्थ राहिलेल्या स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरी, काही निर्वासित कवी-चित्रकारांनी एका लहानशा उपाहारगृहात ‘दादा’ नावाचा उपद्व्याप सुरू केला. निरर्थक शब्दांच्या कविता, ढोल, मुखवटे, आरडाओरड असा सगळा प्रकार. वरवर पाहता पोरकट वाटणाऱ्या या चाळ्यांमागे एक भीषण प्रश्न होता. ज्या संस्कृतीने उत्तम संगीत, उत्तम चित्रे, उत्तम तत्त्वज्ञान निर्माण केले, तिनेच लक्षावधी तरुण खंदकांत नेऊन मारले. मग त्या संस्कृतीची कला तेवढी निर्दोष कशी? हा प्रश्न ज्याला समजला त्याला पुढचे प्रयोग आवडोत न आवडोत, निदान ते मूर्खपणाचे वाटणार नाहीत.

आता अग्रशाळेत दाखविलेल्या त्या चित्रपटाकडे येऊ. त्याचे नाव ‘आँत्राक्त’, म्हणजे दोन अंकांमधला विराम. पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात रोल्फ द मारे यांच्या स्वीडिश नृत्यमंडळाचा एक नवा प्रयोग व्हावयाचा होता. त्याची कल्पना फ्रान्सिस पिकाबिया या चित्रकाराची आणि संगीत एरिक साती याचे. नृत्यनाट्याचे नावच मुळी ‘रलाश’, म्हणजे ‘आज खेळ बंद’! २७ नोव्हेंबर १९२४ हा पहिल्या प्रयोगाचा दिवस. प्रेक्षक नटूनथटून आले तो नाट्यगृहाला कुलूप. प्रमुख नर्तक ब्यॉर्लिन आजारी पडल्यामुळे खेळ खरोखरच बंद होता. परंतु लोकांची खात्री पटली की ही पिकाबियाचीच खोडी आहे. अखेर ४ डिसेंबरला प्रयोग झाला, आणि त्याच्या आरंभी व मध्यंतरात रने क्लेर या सव्वीस वर्षांच्या तरुणाने केलेला हा चित्रपट दाखविण्यात आला.

चित्रपट उघडतो तो नाट्यगृहाच्या गच्चीवर. तेथे एक तोफ आपली आपण इकडून तिकडे फिरते आहे. साती आणि पिकाबिया उड्या मारीत येतात, तिच्यात गोळा भरतात आणि तोफेचे तोंड सरळ प्रेक्षकांकडे वळवितात. छावणीतून निघालेला शब्द असा तोफेसकट नाट्यगृहात शिरला! पुढे मार्सेल द्युशाँ आणि मॅन रे गच्चीच्या कठड्यावर बुद्धिबळ खेळत असतात, तोच पाण्याचा लोट येऊन पट धुऊन नेतो. काचेच्या तळाखालून एक नर्तकी नाचताना दिसते. कॅमेरा हळूहळू वर सरकतो तो तिला दाढी आणि चष्मा! एक शिकारी कारंज्यावर नाचणाऱ्या अंड्याला गोळी घालतो, त्यातून पारवा निघून त्याच्याच टोपीवर बसतो, आणि पिकाबियाची गोळी लागून शिकारी खाली कोसळतो.

येथून त्याची अंत्ययात्रा सुरू होते, आणि हाच या चित्रपटाचा प्राण आहे. शववाहिकेला घोड्यांच्या जागी उंट जुंपलेला आहे. काळ्या पोशाखातील प्रतिष्ठित मंडळी मागून चालतात, पण ती चालत नाहीत, संथ गतीने उड्या घेत तरंगत जातात. पाव ओवलेल्या पुष्पचक्राचे तुकडे मोडून कोणी तोंडात टाकतो. मग शववाहिका उंटापासून सुटते आणि उताराला लागते. मंडळी धावू लागतात, चित्राची गती वाढत जाते, गाडीवर बसलेला पांगळा उठून धावत सुटतो, रस्ते, झाडे, मनोरंजन-उद्यानातील उंचसखल रूळ सारे गरगरू लागते. शेवटी शवपेटी शेतात पडते. झाकण उघडून प्रेत हसत बाहेर येते, ते जादूगाराच्या वेषात. तो कांडीच्या स्पर्शाने एकेकाला अदृश्य करतो आणि अखेर स्वतःलाही. समाप्तीची पाटी झळकते तोच ती फाडून एक मनुष्य बाहेर उडी घेतो!

अग्रशाळेत हा भाग चालू असता लहान मुले मोठ्याने हसत होती आणि वडीलधाऱ्यांपैकी काहीजण अस्वस्थ झाले होते. दोघांचेही आम्हांला बरोबरच वाटते. मृत्यूची थट्टा म्हणून ज्यांना ते खटकले त्यांनी एवढे स्मरावे की हा चित्रपट ज्या शहरात निघाला, तेथे सहा वर्षांपूर्वीपर्यंत घरोघर प्रेतयात्रा निघत होत्या आणि प्रत्येक प्रेतयात्रेमागे अशीच प्रतिष्ठित, काळ्या टोप्यांची मंडळी गंभीर मुद्रेने चालत होती. थट्टा मृत्यूची नसून त्या मुद्रेची आहे. सातीने या चित्रपटासाठी दृश्यागणिक मोजून संगीत रचले; चित्राशी असे बांधून रचलेल्या संगीताच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. पुढल्याच वर्षी, जुलै १९२५ मध्ये, तो वारला. रने क्लेरने पुढे सर्वसामान्य प्रेक्षकांना आवडणारे गोड बोलपट काढले आणि १९६० मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडून गेला. तोफ घेऊन निघालेला स्वार अखेर राजवाड्यातच पोहोचला म्हणावयाचा!

त्याच १९२४ सालचा ‘बॅले मेकानिक’ हा लेजे या चित्रकाराने डडली मर्फीच्या साह्याने केलेला चित्रपट. लेजे स्वतः आघाडीवर लढलेला. त्यात पाठीवर ओझे घेतलेली एक धोबीण जिना चढते. वर पोहोचते न पोहोचते तो पुन्हा पहिल्या पायरीवर, पुन्हा चढण, असे कितीतरी वेळा. कथा नाही, उपदेश नाही, केवळ आवर्तन. परंतु तिच्या पाठीवरचे ओझे आपल्या पाठीवर येऊ लागते.

१९२९ मध्ये ब्युन्युएल आणि दाली यांनी ‘आंदालुशियाचा कुत्रा’ काढला. त्याच्या पहिल्या प्रयोगाला ब्युन्युएल खिशात दगड भरून पडद्यामागे उभा होता, म्हणे. लोक अंगावर आले तर असावेत म्हणून. लोकांनी टाळ्या वाजविल्या! लोकांना राग यावा म्हणून केलेल्या कलेला टाळ्या मिळू लागल्या की बिनीचे काम संपले, असेच म्हटले पाहिजे. त्याचा पुढला चित्रपट ‘सुवर्णयुग’ १९३० चा. त्यात ख्रिस्ती श्रद्धेचा जो उपहास होता त्यामुळे प्रक्षुब्ध जमावाने चित्रपटगृहाची मोडतोड केली, सरकारने बंदी घातली आणि ती कित्येक दशके टिकली. आम्ही मोडतोडीचे समर्थन करीत नाही. परंतु दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर चिखल टाकणे हे पुढे जाण्याचे लक्षण आहे, हेही आम्हांला मान्य नाही. तेवढे काम मागे राहूनही करता येते.

पेटर ब्युर्गर या जर्मन पंडिताने १९७४ मध्ये या सर्व खटाटोपाची एक मार्मिक मीमांसा केली. त्याचे म्हणणे असे की, केवळ शैली बदलणे हा या मंडळींचा हेतूच नव्हता. युरोपात कला ही रोजच्या जगण्यापासून तोडून संग्रहालयात आणि नाट्यगृहात नेऊन ठेवलेली वस्तू झाली होती. ती पुन्हा जगण्यात मिसळावी, हा त्यांचा खरा हेतू. तो साधला नाही. उलट त्यांचीच चित्रे संग्रहालयांत जाऊन बसली. हे वाचताना आमच्या मनात सहज आले की, ज्याच्या जत्रेत रात्री दशावतारी काला होतो, ज्याचा दीपस्तंभ पणत्यांनी उजळतो आणि ज्याच्या पालखीपुढे भजन चालते, त्या समाजाला कला आणि जगणे यांची ही ताटातूट ऐकूनच ठाऊक आहे. मात्र यावरून आम्ही फार पुढे आहोत, असा अर्थ काढण्याचा मोह वाचकांनी आवरावा. काल्याला आता प्रेक्षक किती उरतात, ते आपण पाहतोच.

या दृष्टीने माया देरेन या बाईंची हकीकत आम्हांला सर्वांत विचार करावयास लावणारी वाटली. कीव शहरी जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या देरेनबाईंनी १९४३ मध्ये अलेक्झांडर हामिद या आपल्या पतीसह ‘दुपारची जाळी’ असा काहीसा ज्याच्या नावाचा अर्थ होतो तो छोटा चित्रपट काढला. एक स्त्री, एक किल्ली, एक सुरी, आरशाचा चेहरा असलेली काळी आकृती आणि पुन्हा पुन्हा परतणारे एकच स्वप्न. अमेरिकेतील प्रयोगशील चित्रपटाची परंपरा बहुतांशी येथून सुरू होते. पुढे त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४७ मध्ये त्या हैती बेटावर गेल्या. तेथील व्होडू धर्मविधींतील नृत्ये टिपावीत, आणि ती कापून-जोडून त्यांतून एक नवी कलाकृती घडवावी, असा त्यांचा संकल्प होता. हजारो फूट फीत त्यांनी टिपली. परंतु त्या जसजशा त्या विधींच्या निकट गेल्या, तसतसे त्यांच्या ध्यानात येऊ लागले की हे नृत्य त्या पूजेपासून वेगळे काढताच येत नाही. ते आपल्या सोयीने कापले तर जे उरेल ते खोटे असेल. त्यांनी तो चित्रपट पुरा केला नाही. त्याऐवजी १९५३ मध्ये एक ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या प्रस्तावनेत कलावंत म्हणून केलेल्या संकल्पाचा हा पराभव स्वच्छ शब्दांत मान्य केला. १९६१ मध्ये त्या निवर्तल्या. फीत त्यांच्या पश्चात इतरांनी जोडली. बिनीच्या एका स्वाराने देवळाच्या पायरीशी येऊन कात्री खाली ठेवावी, असे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

आपल्या देशात बिनी कोठे होती? पहिले नाव दादासाहेब फाळके यांचेच घ्यावे लागेल. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून एक प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीची छायाचित्रे दिवसेंदिवस थोडी थोडी टिपली, आणि पडद्यावर तो अंकुर काही क्षणांत वेल होऊन डोलू लागला. कालाशी खेळण्याची जी विद्या पुढे पॅरिसच्या प्रयोगकारांनी मिरविली, ती येथे एका कुंडीत रुजली होती. परंतु फाळक्यांनी या विद्येची तोफ प्रेक्षकांवर रोखली नाही. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढून त्यांनी ती पुराणकथेच्या सेवेला लावली, आणि त्यांच्या मागून अक्षरशः अक्षौहिणी सैन्य आले.

चित्रकलेत हे स्थान १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे. त्याचा पुढाकार घेणारे फ्रान्सिस न्यूटन सुझा हे साळगावचे, शिल्पकार सदानंद बाक्रे वडोदऱ्यात जन्मलेले आणि हुसेन यांचे प्रारंभीचे शिक्षण इंदूरला देवळालीकर मास्तरांकडे. आमच्या या पत्रिकेच्या वाचकवर्गाचा नकाशाच जणू! या हुसेन यांनी १९६७ मध्ये शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात एक निवेदनरहित लघुपट केला. छत्री, कंदील, जोडा, गाय अशा वस्तू ओळीने येतात आणि कोणी काही समजावून सांगत नाही. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचे सुवर्ण-अस्वल मिळाले. हुसेन यांच्या पुढील काळातील चित्रांवरून जो वाद झाला तो वाचकांस विदित आहे. त्याचा या लघुपटाशी संबंध नाही. त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांनी १९६८ मध्ये ‘एक्सप्लोरर’ काढला. प्राग येथे बाहुलीपटाचे शिक्षण घेऊन आलेल्या या गृहस्थांनी सात मिनिटांत तरुणांचे नृत्य, यंत्रे, देवदेवतांच्या आकृती आणि ओंकार अशा वेगाने एकमेकांवर आदळविले आहेत की डोळे मिटावेसे वाटतात. कुटुंबनियोजनाच्या प्रचारपटांसाठी नेमलेल्या सरकारी खात्यातून हे निघावे, याची गंमत वाटते. सँ-सिमाँच्या मंडळाला मात्र ती वाटली नसती. त्यांचा कलावंत शासनाच्या खांद्याला खांदा लावूनच निघालेला होता.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांच्यापाशी शिकलेले मणी कौल आणि कुमार शहानी हे पुढच्या पिढीचे. शहानींना इतिहासाची दृष्टी मिळाली ती मूळच्या गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याकडून, आणि पॅरिसमध्ये त्यांनी ब्रेसाँ या श्रेष्ठ दिग्दर्शकाच्या हाताखाली काम केले. ‘उसकी रोटी’ आणि ‘माया दर्पण’ हे या दोघांचे पहिले चित्रपट सामान्य प्रेक्षकांना रुचले नाहीत. कथा पुढे सरकतच नाही, ही तक्रार आम्हीही त्या वेळी केली असती. परंतु नंतर ते कोठे गेले ते पाहा. मणी कौल उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकू लागले आणि त्यांनी ध्रुपदावरच चित्रपट केला. शहानींनी १९८९ मध्ये ग्वाल्हेरच्या गायकीचा आधार घेऊन ‘ख्याल गाथा’ रचला. आलापी जशी एका स्वराभोवती रेंगाळते, समेची घाई करीत नाही, तसे दृश्य का रेंगाळू नये, हा त्यांचा प्रश्न. युरोपातील अवाँ-गार्द संग्रहालये जाळावयास निघाला होता. आमचे हे दोघे पुढची वाट विचारावयास घराण्याच्या दारी गेले. दोन्ही स्वार आता नाहीत. कौल २०११ मध्ये गेले, शहानी फेब्रुवारी २०२४ मध्ये.

हे सारे त्या वयोवृद्ध महाजनांना आम्ही एका संध्याकाळी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि देरेनबाईंचा ग्रंथ मिळेल का, असे विचारले. आमच्या प्रश्नाला, म्हणजे त्यांच्याच मूळ प्रश्नाला, उत्तर मिळाले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. माघ महिन्यात तरुण मंडळी अग्रशाळेत ‘ख्याल गाथा’ दाखविणार आहेत. पुढच्या रांगेत एक खुर्ची ठेवावी, सतरंजीवर आता बसवत नाही, असा निरोप त्यांनी धाडला आहे.